नळाच्या पाण्यात वीज किती?

२ ऑक्टोबर २०२० ला 'माझी वसुंधरा अभियान' सुरू झालं, तेव्हापासून नगरपालिकांना पंचतत्त्वांवर गुण मिळतात. झाडं लागतात, सायकली निघतात, फोटो येतात. छानच आहे. पण यवतमाळपुरतं म्हणाल तर मला आधी पाण्याचा पाइप दिसतो.

आपली नगरपालिका १८९४ ची. गाव उंचावर, जवळपास ४५० मीटरवर. (नावातला 'माळ' खरं तर 'महाल', म्हणजे परगणा, असं म्हणतात. पण माळ म्हटलं तरी चुकत नाही.) उंचावरच्या गावाला पाणी खालूनच आणावं लागतं. आधी विहिरी, मग जवळचं निळोणा, ते पुरेना तेव्हा चापडोह. २०१८ च्या उन्हाळ्यात दोन्ही आटले. टँकरमागे ड्रम घेऊन धावणारे आपण सगळेच होतो, विसरलात काय? मग 'अमृत' योजनेतून थेट बाभूळगावकडचं बेंबळा धरण.

म्हणजे दर वेळी आपण आणखी दूर गेलो. जवळचं राखलं नाही.

आणि बेंबळा आपल्या खालच्या अंगाला. दहा लाख लिटर पाणी नुसतं १०० मीटर वर चढवायला निव्वळ हिशोबाने २७२ युनिट वीज लागते. पंपाची तूट वेगळी. आपल्याकडे वीज बहुतेक कोळशाचीच, अन् कोळसा म्हणजे आपलंच वणी. तेव्हा रस्त्यावर गळणारं पाणी हे नुसतं पाणी नसतं, त्यात जळालेला कोळसाही असतो. 'जल' आणि 'अग्नी'चे गुण वेगळे लिहिता येतात, खर्च वेगळा होत नाही.

नगरपालिका म्हणेल, नळयोजना जीवन प्राधिकरणाची आहे. खरं आहे. पण बांधकाम परवानगी देताना छतावरचं पाणी जमिनीत मुरतंय का, हे पाहणं तिचंच काम. नाले अन् विहिरीही तिच्याच. २०१६ च्या हद्दवाढीत लोहारा, वडगाव, उमरसरा, वाघापूर ही गावं आत आली. त्यांच्या विहिरींचं काय झालं, हे एकदा वॉर्डावॉर्डात मोजून पाहा ना.

आमच्या भागातल्या जुन्या विहिरीवर लोखंडी जाळी आहे. जाळीखाली प्लास्टिकच्या पिशव्या. २०१८ मध्ये तिच्यातूनच आम्ही गुंडागुंडाने पाणी नेलं होतं.