हैदराबादेतील परसबाग : वसंतातील लागवड आणि निगा

हैदराबादेत वसंत फार थोडे दिवस टिकतो. माघ संपता संपता थंडी जाते, होळीला ऊन लागू लागते आणि पाडव्यापर्यंत दुपारी अंगणात उभे राहवत नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून उत्तरेकडील थंड मुलुखासाठी लिहिलेल्या पुस्तकांतली 'वसंतातली लागवड' इथे जशीच्या तशी चालत नाही. आपल्याकडे लागवडीचा खरा मुहूर्त मृगाचा. वसंत हा तयारीचा आणि असलेली झाडे जगवण्याचा काळ. मंडळातील सभासद बागेबद्दल वारंवार विचारतात, त्यांच्यासाठी आम्ही ही माहिती एकत्र केली आहे. बागेला तीन-चारशे चौरस फूट मोकळी जागा असली तरी पुरे.

कोणती झाडे निवडावीत

आपली जमीन बहुतेक ठिकाणी तांबडी, मुरमाड आणि खाली खडक असलेली. तिच्यात पाणी साचत नाही, पण टिकतही नाही. अशा जागी सीताफळ, पेरू, लिंबू, डाळिंब आणि आवळा बिनतक्रार येतात. सीताफळाची 'बालानगर' ही प्रसिद्ध जात तर मूळची आपल्या शेजारच्या महबूबनगर भागातली. पेरूत 'लखनौ-४९' घ्यावा. नावात लखनौ असले तरी ही जात निवडली गेली पुण्याच्या गणेशखिंड येथे, डॉ. चीमा यांच्या हातून.

आंबा लावायचा तर मोठा विस्तार होणारी जात टाळावी. 'आम्रपाली' (दशेरी व नीलम यांचा संकर) आणि संगारेड्डीच्या फळ संशोधन केंद्रात तयार झालेली 'मंजीरा' (रुमानी व नीलम यांचा संकर) या ठेंगण्या जाती लहान जागेला योग्य. बेनिशान, म्हणजे बनगानपल्ली, इथे उत्तम येतो, पण त्याला जागा हवी. हापूसचा मोह आपल्या मंडळींना सुटत नाही. मात्र तो वर्षाआड फळणारा, आणि कोकणची हवा इथे नाही, हे धरून चालावे.

खड्डे आणि लागवड

आंब्यासाठी तीन फूट आणि इतर झाडांसाठी दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा एप्रिलमध्ये खणावा. तो दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्यावा. मेअखेर वरच्या थरातील माती, दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत, एक किलो निंबोळी पेंड आणि अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट यांच्या मिश्रणाने भरावा. एक-दोन पाऊस झाले की कलम लावावे. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे. कंपाउंडच्या भिंतीपासून आठ ते दहा फूट अंतर ठेवावे आणि पाण्याची व सांडपाण्याची टाकी टाळावी.

पाण्याची खात्री असेल तर पपई, केळी आणि शेवगा हे फेब्रुवारी ते मार्चच्या सुरुवातीला लावता येतात. त्यांना पश्चिमेकडून झावळ्यांची किंवा हिरव्या जाळीची सावली करावी.

पाणी

उन्हाळ्यात बोअर आटतो आणि टँकर विकत घ्यावा लागतो, तेव्हा बादलीबादलीचा हिशेब हवा. पाणी बुंध्याशी ओतू नये. अन्न घेणारी मुळे फांद्यांच्या घेराखाली असतात, म्हणून तिथे गोल आळे करावे. पहिल्या दोन वर्षांच्या रोपाजवळ मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्याच्या तळाच्या छिद्रात सुती वात घालावी. ते दोन-तीन दिवसांनी भरले तरी चालते. आळ्यात पालापाचोळ्याचा चार बोटे थर द्यावा, तो खोडाला मात्र टेकू नये. पालापाचोळा जाळणे म्हणजे खत जाळणे.

आंब्याला मोहोर असताना पाणी देऊ नये. कैरी वाटाण्याएवढी झाली की दहा ते पंधरा दिवसांनी द्यावे. लिंबू आणि डाळिंब यांना पाणी नियमित हवे. ताण देऊन एकदम भरपूर पाणी दिले तर डाळिंब तडकते. पेरूचे याच्या उलट आहे. मृग बहर घ्यायचा असेल तर फेब्रुवारीपासून मेच्या मध्यापर्यंत मोठ्या झाडाचे पाणी तोडावे. पाने गळतात, पण घाबरू नये. जूनमध्ये खत-पाणी मिळताच झाड फुलते आणि हिवाळ्यात फळे मिळतात. पाणीटंचाईच्या शहराला ही पद्धत फार सोयीची आहे.

छाटणी, बोर्डो, कीड

सीताफळाची पाने गळल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, वाळलेल्या व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढाव्यात. त्याला फूल नव्या फुटीवर येते. आंब्याची छाटणी फळे उतरल्यावरच करावी.

खोडाला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावावी. घरापुरते प्रमाण असे : १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करावे, लोखंडी भांडे वापरू नये. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजावे.

आंब्याच्या मोहोरावर भुरी दिसल्यास पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम, तर तुडतुड्यांसाठी निंबोळी तेल पाच मिलिलिटर थोड्या साबणासह फवारावे. फवारणी संध्याकाळी करावी, कारण दिवसा मोहोरावर मधमाश्या असतात. फळमाशीसाठी एप्रिलपासून रक्षक सापळा टांगावा आणि गळलेली फळे रोज उचलून पुरावीत.

जुने झाड वाचवण्याविषयी

काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार, बरकतपुरा या भागांतील आपली जुनी घरे एकामागून एक अपार्टमेंटसाठी दिली जात आहेत. घराबरोबर परसातला आंबा आणि लिंबूही जातो. २००२ च्या 'वाल्टा' कायद्याखाली झाड तोडण्यास परवानगी लागते, हे कराराआधी लक्षात घ्यावे. पण परवानगी मिळाली तरी वाण जाता कामा नये.

लोणच्याच्या आंब्याची कोय लावली तर तेच फळ येईल याची खात्री नसते. त्यासाठी कलमच करावे लागते. मे-जूनमध्ये कोणत्याही रायवळ आंब्याच्या कोयी पिशव्यांत रुजवाव्यात. रोपे दोन आठवड्यांची झाली की जुलैत जुन्या झाडाची पेन्सिलीएवढी जून काडी त्यांवर बांधावी. काडीची पाने आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापावीत. लिंबू व डाळिंबाची गुटी पावसाळ्यात बांधावी, दीड-दोन महिन्यांत मुळे फुटतात. हात बसलेला नसेल तर अनुभवी माळ्याला बोलवावे आणि एका झाडाची निदान पाच कलमे करावीत, कारण सगळी जगत नाहीत.

ही सर्व कामे पावसाळ्यातली आहेत. करार मार्चमध्ये होऊन घर एप्रिलमध्ये पाडले तर काहीही करता येत नाही. म्हणून बिल्डरशी बोलताना ताबा देण्याची तारीख दसऱ्यानंतरची मागावी. एवढा एक पावसाळा मिळाला तर आजीच्या हातचा आंबा नव्या ठिकाणी, गावाकडच्या शेतात किंवा मुलाच्या घराच्या अंगणात पुन्हा लावता येतो.