घरबसल्या दप्तर

इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्यातील पत्रे १७५० ते १७६१ या काळातली. ही साधने मिळवण्यासाठी राजवाडे गावोगाव हिंडले. वाळवीने अर्धी खाल्लेली दप्तरे लोकांच्या माळ्यावरून खाली उतरवली. आज त्या मालेतील पुष्कळ खंड इंटरनेटवर एक पैसाही न मोजता उघडतात. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ तेथे शब्द शोधता येईल अशा रीतीने ठेवला आहे. आपला मराठी विश्वकोश तेथे आहे, जुनी गॅझेटियरे आहेत, आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ही आहे. ही समृद्धी थोडी नव्हे. परंतु कोठाराची किल्ली हाती आली तरी धान्य कोणत्या कणगीत आहे हे ठाऊक असावे लागते, आणि नेमके तेच आपल्याला कोणी सांगत नाही.

पहिली अडचण नावांची. आजचे नाव घालून शोध घेतला आणि काही मिळाले नाही, की माणूस निराश होऊन उठतो. पण इंग्रजांच्या कागदांत पुणे हे ‘पूना’ आहे, वसई ‘बॅसीन’ आहे, ठाणे कोठे ‘ठाना’ तर कोठे ‘टॅना’ आहे. साहेबाच्या कानाला जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले! तेव्हा शोधणाऱ्याने गावाची सारी जुनी रूपे आधी कागदावर उतरून घ्यावीत, हे उत्तम.

याहून मोठी अडचण कालाची. पेशवाईतील पत्रावर इसवी सन नसतो. असतो सुहूर सन, तोही अरबी शब्दांत. पानिपतच्या वर्षीचे पत्र पाहा. त्यावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले आढळेल. एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. हे वर्ष मृगाच्या सुमारास पालटते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ चा. सरसकट ५९९ मिळवणारा गृहस्थ भाऊसाहेबांना एक वर्ष आधीच रणांगणावर नेऊन उभे करील. तारखेमागे येणारा ‘छ’ हा चंद्राचा, म्हणजे मुसलमानी महिन्याच्या तिथीचा, हेही ध्यानात ठेवावे लागते. जंत्री जवळ असल्यावाचून या वाटेस जाऊ नये.

आणि हल्ली दूरध्वनीवर जी ‘ऐतिहासिक पत्रे’ फिरत असतात त्यांचे काय? त्यांवर ना मिती, ना कोणत्या दप्तरातून आली याचा पत्ता. मूळ कोठे आहे, कोणी वाचले, कोणत्या खंडात किती क्रमांकाने छापले, एवढे तीन प्रश्न विचारले म्हणजे बहुतेक पत्रांचा आवेश ओसरतो. बातम्यांनाही आम्ही हीच कसोटी लावतो.

तथापि आम्हांला खरी भीती वाटते ती निराळ्याच गोष्टीची. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी त्यांतून निवड करून १९३० ते १९३४ या अवधीत ४५ खंड प्रसिद्ध केले. ते खंड आज इंटरनेटवर मिळतात. पण ती निवड आहे. राजकारण आणि मोहिमा यांना तिच्यात मोठी जागा मिळाली, हे त्या काळी स्वाभाविकच होते. एखाद्या कसब्याच्या बलुत्याचा कज्जा, एखाद्या विधवेचा वतनासाठी केलेला अर्ज, दुष्काळात मिळालेली वसुलीची सूट, असले कागद रुमालांत बांधलेले राहिले तर पडद्यावर त्यांचा मागमूस लागत नाही. मग नव्या पिढीचा अभ्यासक खुशाल लिहितो, की याविषयी पुरावा उपलब्ध नाही!

रुमालांची छायाचित्रे घेतली म्हणजे काम संपले असेही नव्हे. छायाचित्रातली मोडी ही मोडीच राहते. शिरोरेघ आधी ओढून हात न उचलता लिहिलेली ती ओळ. शब्द कोठे तुटतो हे कळायलाच महिना लागतो. तेव्हा आपल्यापैकी ज्यांना सवड आहे त्यांनी मोडीच्या वर्गात नाव घालावे आणि आपल्याच गावच्या कागदांपासून आरंभ करावा.