सार्वजनिक उद्याने, चीनमधील

सर्व नागरिकांना मुक्तपणे वापरता येणारी, शासनाने राखलेली बाग म्हणजे सार्वजनिक उद्यान. ही संस्था चीनमध्ये परकीयांच्या वसाहतींमधून आली. शांघायमध्ये ह्वांगपू नदीकाठी १८६८ साली उघडलेल्या उद्यानात चिनी रहिवाशांना १९२८ पर्यंत मज्जाव होता आणि हा अपमान तेथील राष्ट्रीय स्मृतीत खोलवर रुजला आहे. पुढे शाही आवारेही लोकांसाठी खुली झाली. बीजिंगमधील स्वर्गमंदिराचा परिसर १९१८ मध्ये उद्यान बनला.

चिनी उद्यान हे प्रामुख्याने ज्येष्ठांचे सामाजिक अंगण असून, पहाटेपासून तेथे ताईची, म्हणजे संथ लयीतील पारंपरिक व्यायाम, समूहनृत्य, गायन आणि पत्त्यांचे डाव चालतात. काही वृद्ध लांब दांड्याचा स्पंजी कुंचला पाण्यात बुडवून फरसबंदीवर सुलेखन करतात. अक्षरे थोड्याच वेळात वाळून जातात, तरी प्रत्येक फटकारा मन लावून काढलेला असतो. शांघायच्या जन-उद्यानात (१९५२) शनिवार-रविवारी आईवडील आपल्या अविवाहित मुलामुलींचे जन्मवर्ष, उंची, शिक्षण, पगार व घराची मालकी लिहिलेले कागद उघड्या छत्र्यांवर लावून बसतात, आणि पुष्कळदा मुलांना त्याची कल्पनाही नसते. उद्यानाचा इतका कौटुंबिक वापर अन्यत्र क्वचितच आढळतो.

समूहनृत्याच्या ध्वनिवर्धकांवरून शेजारच्या रहिवाशांशी वारंवार तंटे होत असल्याने, जून २०२२ पासून लागू झालेल्या ध्वनिप्रदूषणविषयक कायद्यान्वये सार्वजनिक जागी अशा कार्यक्रमांची वेळ, जागा व आवाज यांबाबतचे नियम पाळणे बंधनकारक आहे.