एक किलोमीटरची वेस

जूनच्या तोंडावर आम्ही काळेवाडीत घरोघर फिरतो. सहा वर्षांचं मूल शाळेत घातलं का, एवढंच विचारायला. यंदा एका ताईंनी उलट विचारलं, "महापालिकेच्या शाळेत सगळी आपलीच पोरं असतात ना? मग तिथं घालून काय उपयोग?" ताई मूळच्या जालन्याकडच्या, चार घरची धुणीभांडी करतात. त्यांच्या "आपल्या"त बौद्ध, मातंग, मुसलमान, बिहारचा सेंट्रिंगवाला असे सगळे होते. कोण नव्हतं, हे सांगायला नको.

बहुजनांची पोरं एका बाजूला काढून बसवायची ही रीत जुनी आहे. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेलं निवेदन काढून बघा. सवर्णांच्या मुलांशेजारी बसू देत नाहीत म्हणून महार-मांगांची मुलं शाळेबाहेर राहतात. सरकारने त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढल्या, पण त्या मोठ्या शहरांतच. अख्ख्या पुण्यात पाच हजारांहून जास्त वस्तीला अशी एकच शाळा, आणि हजेरी तीस मुलांच्याही आत. तोवर जोतीरावांनी पुणे नगरपालिकेत सहा वर्षं काढली होती, त्यामुळे हे ऐकीव नव्हतं. शेतकऱ्याच्या साऱ्यातून वरच्यांची कॉलेजं चालतात, हा हिशेबही त्यांनी तिथेच मांडला.

शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आपण जयंतीला तेवढंच सांगतो. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करून सगळ्यांना एका शाळेत बसवलं. माझ्या मते हा निर्णय पहिल्यापेक्षा मोठा.

इकडे मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. चवदार तळ्याचा सत्याग्रह याच ठरावाच्या बळावर उभा राहिला. त्या ठरावात पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही होत्या. पाणी आपल्या लक्षात राहिलं, शाळा विसरलो. बाबासाहेब विसरले नव्हते. महाडला तळ्याचं पाणी प्यायले २० मार्च १९२७ ला, आणि त्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्चला, ते कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणावर बोलत होते. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं आणि दारूच्या अबकारीतून माणशी २.१७ रुपये वसूल करतं. शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात. पुढच्या वर्षी सायमन कमिशनपुढच्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण स्थानिक स्कूल बोर्डांच्या हाती देणं थांबवा असं सांगितलं. बोर्डावर कोण बसणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आमच्या शहराला हा इतिहास तयार मिळाला. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० ची, महापालिका १९८२ ची. कारखान्यांमागून मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर भारत इथे येऊन वसला, म्हणून महापालिकेच्या प्राथमिक शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा माध्यमांत निघाल्या. एवढी मिसळ असलेली जागा शहरात दुसरी नाही, एक जात सोडून. वरची जात फी भरून कधीच निघून गेली.

तिच्या मागोमाग आपणही निघालो. याच शाळांत शिकून कंपनीत परमनंट झालेले, सरकारी नोकरीला लागलेले आपलेच लोक आज पोराला इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवतात. मी त्यांना दोष देत नाही. पण पालकसभेला तोंड उघडू शकणारा एकेक माणूस त्या बसबरोबर गेला, हे मोजलं पाहिजे.

९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने शिक्षण हक्काचे नियम बदलले. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिने वंचित आणि दुर्बल मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवायची गरज नाही. म्हणजे महापालिकेची शाळा जवळ आहे हेच आमच्या पोरांना दार बंद करायचं कारण! तुमची शाळा आहे ना तिकडे, मग इकडे कशाला? १८८२ ची वेगळी शाळा, फक्त अंतर मोजून. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलैला ही दुरुस्ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

ताईंना मी एवढं सगळं सांगितलं नाही. पंचवीस टक्क्यांचा अर्ज भरून दिला, आणि सोडतीत नंबर लागला नाही तर महापालिकेच्या शाळेत दोघी मिळून जाऊ असं ठरलं. पालकसभेचा वार त्यांनी आताच विचारून ठेवलाय, त्या दिवशी एका घरचं काम सोडावं लागेल म्हणून.