लीग वाढवायचीच आहे ना? मग आधी अलास्काला आत घ्या

पोस्ट मोठी आहे, विषयही आपल्यापासून लांबचा आहे. पण वेळ काढून वाचा.

मे २०२१ ची गोष्ट. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिल शहरातल्या सरकारी विद्यापीठाने आपली हॉकी टीम थांबवली. हॉकी म्हणजे आपली मैदानावरची नव्हे, बर्फावरची. चेंडूऐवजी रबरी चकती असते ती. वर्षभर आधीही ही टीम बंद करायचं ठरलं होतं. तेव्हा माजी विद्यार्थी आणि गावच्या लोकांनी आठवड्याभरात पाच लाख डॉलरपेक्षा जास्त वर्गणी गोळा केली आणि टीम वाचवली. पण २०२१ मध्ये नुसत्या वर्गणीने भागणार नव्हतं. पुढच्या हंगामात टीमला खेळायला लीगच नव्हती आणि कुठलीही लीग आत घ्यायला तयार नव्हती.

ही काही कालची हौशी टीम नव्हती. १९९६ आणि १९९८ मध्ये तिने दुसऱ्या श्रेणीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. २००७ आणि २०१० मध्ये ती पहिल्या श्रेणीच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली होती.

आता लीग नसली तर एवढं काय बिघडतं? सगळंच बिघडतं. अमेरिकेत कॉलेजांच्या टीम ‘कॉन्फरन्स’मध्ये, म्हणजे लीगमध्ये बांधलेल्या असतात. राष्ट्रीय स्पर्धेत फक्त सोळा टीम जातात. लीग जिंकणाऱ्याला थेट प्रवेश, उरलेल्या जागा गुणांकनावर. लीगबाहेरच्या टीमला थेट प्रवेशाचा दरवाजाच बंद. त्यात जानेवारी-फेब्रुवारीत सगळे आपापल्या लीगचे सामने खेळत असतात. तेव्हा एकट्या टीमच्या गावी यायला कोण मोकळा असणार? मग हिनेच बॅगा भरून गावोगाव हिंडायचं. घरचे सामने कमी, म्हणून तिकीटविक्री कमी, म्हणून विद्यापीठ म्हणणार की खेळ परवडत नाही. आपल्याकडे प्रवासी नाहीत म्हणून एसटी बंद करतात आणि एसटी वेळेवर येत नाही म्हणून प्रवासी नसतात, तसलंच हे चक्र.

या लीग जमल्या आणि मोडल्या कशा, ते बघण्यासारखं आहे. १९५१ मध्ये पश्चिमेकडच्या सात कॉलेजांनी एकत्र येऊन लीग काढली. मिशिगन, मिनेसोटा, नॉर्थ डकोटा, डेन्व्हर अशी नावं त्यात होती. सात वर्षांत ती मोडली. भांडण होतं कॅनडातून वयाने मोठे, तयार खेळाडू आणण्यावरून. नंतर वर्षभरात समेट झाला आणि डब्ल्यूसीएचए ही लीग उभी राहिली. पूर्वेकडे १९८० च्या दशकात वेगळाच प्रकार झाला. हार्वर्ड, येल वगैरे आयव्ही लीगची विद्यापीठं बाहेर पडणार अशी भीती पसरली, म्हणून बॉस्टनकडच्या कॉलेजांनी आधीच बाहेर पडून ‘हॉकी ईस्ट’ काढली. गंमत म्हणजे आयव्हीवाले कुठेच गेले नाहीत, आजही जुन्याच लीगमध्ये खेळतात.

खरा भूकंप २०१० नंतरचा. टेरी पेगुला या उद्योगपतीने पेन स्टेट विद्यापीठाला हॉकीसाठी ८ कोटी ८० लाख डॉलर देऊ केले. त्यामुळे ‘बिग टेन’ या बड्या विद्यापीठांच्या गटात हॉकी खेळणाऱ्यांची संख्या सहा झाली. लीग चालवायला तेवढीच लागत होती. २०१३ मध्ये मिशिगन, मिशिगन स्टेट, ओहायो स्टेट, मिनेसोटा, विस्कॉन्सिन आपापल्या जुन्या लीग सोडून तिकडे गेले. ते गेलेले पाहून नॉर्थ डकोटा, डेन्व्हर यांच्यासारख्या तगड्या टीमनी एनसीएचसी ही दुसरी नवी लीग काढली. १९७१ पासूनची सीसीएचए बंद पडली. उरलेल्यांची मोट डब्ल्यूसीएचएमध्ये बांधली गेली. त्यात मिशिगनची छोटी कॉलेजं, अलास्काची दोन विद्यापीठं आणि हंट्सव्हिल होती.

मग आलं २०१९. मे महिन्यात मिनेसोटातल्या सेंट थॉमस या खासगी विद्यापीठाला त्याच्याच लीगने बाहेर काढलं. ती लीग १९२० मध्ये स्थापन करणाऱ्यांत ते स्वतः होतं. दोष एवढाच की ते इतरांपेक्षा फार मोठं आणि ताकदवान झालं होतं. पुढच्याच महिन्यात डब्ल्यूसीएचएमधल्या सात विद्यापीठांनी आपण बाहेर पडतोय असं जाहीर केलं. त्यांना जवळजवळच्यांची लीग हवी होती. दहापैकी सात गेले. मागे राहिले फेअरबँक्स, अँकरेज आणि हंट्सव्हिल.

सात जणांनी नव्या लीगला जुनंच नाव दिलं, सीसीएचए. त्याच नावाच्या जुन्या लीगमध्ये फेअरबँक्स १९९५ पासून ती बंद पडेपर्यंत खेळलं होतं. नाव घेतलं, माणूस बाहेर ठेवला. आणि आठवी जागा कुणाला दिली? सेंट थॉमसला. फार मोठं म्हणून हाकललेल्याला दोन वर्षांत घर मिळालं. फार लांब म्हणून सोडलेल्यांना नाही. त्याच सेंट थॉमसने साडेसात कोटी डॉलरच्या देणगीच्या बळावर नवं स्टेडियम बांधलं आणि २०२६-२७ पासून सीसीएचए सोडून एनसीएचसीमध्ये जायचं ठरवलं. ॲरिझोना स्टेट वाळवंटातलं. त्यांनी पाच हजार प्रेक्षकांचं स्टेडियम उभारलं आणि २०२४ मध्ये त्यांनाही एनसीएचसीत जागा मिळाली. या दोघांनी मेहनत केली नाही असं मी म्हणत नाही. पण लीगचं दार कुठल्या किल्लीने उघडतं, ते दिसतंच आहे.

तर पुढची जागा कुणाला द्यावी? माझं मत सरळ आहे. सीसीएचएने अलास्काच्या दोघांना जोडीने घ्यावं.

का, ते सांगतो. अँकरेजची टीम २०२० मध्ये राज्याच्या निधीकपातीत बंद करायचं ठरलं. लोकांनी सुमारे तीस लाख डॉलर उभे केले आणि २०२२ मध्ये टीम बर्फावर परत आली. फेअरबँक्स लीगशिवाय खेळूनही २०२२-२३ मध्ये बावीस सामने जिंकलं आणि राष्ट्रीय स्पर्धा थोडक्यात हुकली. लीगमध्ये असते तर ती स्पर्धा जिंकून थेट आत जायची संधी तरी मिळाली असती. खेळात कमी नाहीत, लोकांच्या पाठिंब्यात कमी नाहीत. मग आणखी काय पाहिजे?

अडचण अंतराची, आणि ती खोटी नाही. सिएटलहून अँकरेजला विमानाने साडेतीन तास, आणि मिशिगनच्या टीमला आधी सिएटलपर्यंत यायचं. खर्च मोठा, मुलांचे वर्ग बुडतात. पण वाट निघू शकते. अलास्कात खेळलेले सामने पाहुण्या टीमच्या ३४ सामन्यांच्या मर्यादेत धरले जात नाहीत, म्हणजे तिला तेवढे जास्तीचे सामने घरी घेता येतात. अँकरेज-फेअरबँक्स रस्त्याने सुमारे ५७५ किलोमीटर. एकाच फेरीत दोघांशी सामने लावता येतील. विमानखर्चाचा वाटा यजमानांनी उचलावा. दरवर्षी प्रत्येकाने जायलाच हवं असंही नाही, आलटून पालटून जाता येईल.

ही सरकारी विद्यापीठं आहेत, लोकांच्या करांवर चालणारी. नव्या लीगमधली बरीचशीही तशीच. लेक सुपिरिअर स्टेटसारख्या छोट्या कॉलेजाने १९८८, १९९२ आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, कारण तेव्हा मोठ्यांच्या लीगमध्ये छोट्यांनाही जागा होती. २०१३ मध्ये मोठ्यांनी सोडून दिल्यावर काय वाटतं, ते या सातपैकी बऱ्याच जणांनी स्वतः भोगलंय. सहाच वर्षांनी त्यांनी तेच दुसऱ्यांना केलं.

हंट्सव्हिलच्या बाबतीत उशीर झाला. फेअरबँक्स आणि अँकरेज अजून खेळतायत, तोवर निर्णय घेता येतो.

तुम्हाला काय वाटतं? लांब असणं हा बाहेर ठेवायला पुरेसा गुन्हा आहे का?