सोयाबीन वाळवल्यावर वजन किती भरेल? असा करा हिशेब

नेर : हमीभाव खरेदीत सोयाबीनला साधारणपणे १२ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. म्हणून माल नेण्याआधी घट काढून पाहा.

समजा, १ क्विंटल सोयाबीनमध्ये १८ टक्के ओलावा आहे. म्हणजे पाणी १८ किलो, कोरडा माल ८२ किलो. वाळवताना फक्त पाणी उडते, ८२ किलो तसेच राहतात. १२ टक्के ओलाव्यावर हेच ८२ किलो एकूण वजनाच्या ८८ टक्के होतात.

८२ ला ८८ ने भागा, १०० ने गुणा : ९३.१८ किलो. घट ६ नाही, ६.८२ किलो.

२०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने याचे ४,९६५ रुपये होतात. ओल्या क्विंटलला व्यापारी यापेक्षा बराच कमी भाव देत असेल, तर वाळवलेलेच परवडते.