सुखोदयात मुक्काम कुठे करावा?

थायलंडच्या उत्तर भागात, बँकॉकपासून सव्वाचारशे किलोमीटरवर, सुखोथाई नावाचे गाव आहे. हे नाव मराठी कानाला ओळखीचे वाटते, आणि वाटते ते खरेच आहे. सुख अधिक उदय, सुखोदय. थाई उच्चारात आपल्या 'द'चा 'थ' होतो आणि शेवटचा 'य' 'ई'सारखा ऐकू येतो, एवढेच. एकदा ही किल्ली हाती लागली की त्या प्रांताचा नकाशा घेऊन बसण्यात मोठी मौज आहे. उत्तरेचे सी सच्चनालाई म्हणजे श्री सज्जनालय. वाटेतले सवनखलोक म्हणजे स्वर्गलोक. 'सी' म्हणजे श्री, 'थम्मराचा' म्हणजे धर्मराजा आणि 'महाथात' म्हणजे महाधातू, अर्थात बुद्धाच्या अस्थी ठेवलेले स्थान.

पण मुक्कामाची तयारी करू लागलो तेव्हा कळले, की सुखोथाई एक नाही, दोन आहेत. एक जुने, तटबंदीच्या आत-बाहेर विखुरलेल्या विटांच्या स्तूपांचे. दुसरे नवे, योम नदीच्या काठचे, बाजाराचे आणि सरकारी कचेऱ्यांचे. दोहोंत बारा किलोमीटरचे अंतर. जाहिरातीत नुसते 'सुखोथाई' छापलेले असते. ते कोणते, हे आपणच विचारून घ्यायचे. मी निवृत्त शिक्षक. माझ्याबरोबर येणार होती माझी थोरली बहीण, वय वर्षे त्र्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. ताईला आयुष्यात एकदा बुद्धाचा देश बघायचा होता आणि खर्च दोघांच्या पेन्शनीतून व्हायचा होता. तेव्हा खोली कुठे घ्यायची हा प्रश्न आमच्यासाठी किरकोळ नव्हता. आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी थेट तेराव्या शतकात जाऊन पोचलो.

हा सगळा मुलूख त्या काळी ख्मेर साम्राज्याच्या, म्हणजे अंगकोरच्या वर्चस्वाखाली होता. दोन थाई सरदारांनी मिळून ख्मेर अधिकाऱ्याला हुसकावले आणि त्यांच्यातला एक श्री इंद्रादित्य या नावाने गादीवर बसला. यासाठी रूढ सन १२३८ सांगतात. त्याचा मुलगा रामखमहेंग हा या घराण्याचा सर्वांत गाजलेला राजा. पुढे दक्षिणेला १३५१ मध्ये अयुथ्थया, म्हणजे त्यांची अयोध्या, उभी राहिली. तिचे बळ वाढत गेले आणि १४३८ मध्ये सुखोथाई तिच्यात विलीन झाले. दोनशे वर्षांचा खेळ. आपल्या देवगिरीच्या यादवांचा उत्कर्ष आणि अस्त डोळ्यांसमोर आणला तर या काळाचा अंदाज येतो. रामखमहेंग आणि रामदेवराय यादव हे समकालीन.

हे जुने शहर नदीकाठी नव्हते. पश्चिमेच्या डोंगरांच्या पायथ्याशी ते वसवले होते आणि पाण्याची तिथे ओढच होती. म्हणून डोंगरातून येणारे पावसाचे पाणी बंधारा घालून अडवले, कालव्याने शहरात आणले आणि खंदकांत, तळ्यांत साठवले. साधारण दोन किलोमीटर लांब आणि दीड-पावणेदोन किलोमीटर रुंद शहर, त्याला मातीचे तिहेरी तट, तटांमध्ये खंदक, आत जागोजागी तळी. आज फोटोत कमळांनी भरलेल्या तळ्यात स्तूपाचे प्रतिबिंब दिसते आणि आपण 'वा!' म्हणतो. पण ती तळी शोभेसाठी खोदलेली नव्हती, गावाची तहान त्यांवर भागायची.

राजधानी गेल्यावर हा खटाटोप करणार कोण? लढाया झाल्या, माणसे पांगली. बँकॉकचे आजचे राजघराणे आल्यावर, त्याच्या सुरुवातीच्या काळात, वस्ती योम नदीकाठच्या 'थानी' गावी सरकली. 'थानी' म्हणजे आपल्या राजधानीतली 'धानी'. १८०८ मध्ये जुन्या शहरातल्या महाधातू मंदिरातली श्री शाक्यमुनीची आठ मीटर उंचीची काशाची मूर्तीसुद्धा बँकॉकला नेली गेली. ती आजही तिथल्या वाट सुथातमध्ये आहे. माणसे गेली, त्यांच्यामागून देवही गेले.

आता गंमत पाहा. जुने शहर पाण्यावाचून कासावीस, तर नवे शहर पाण्याने बेजार. योम ही थायलंडच्या मध्य मैदानाला मिळणाऱ्या चार मोठ्या नद्यांपैकी एक. तिच्यावर मोठे धरण नाही. वरच्या अंगाला धरण बांधण्याची योजना कित्येक दशके वादात अडकून आहे. सागवानी जंगल आणि तिथली गावे बुडतील म्हणून तिला कडवा विरोध आहे. त्यामुळे पावसाळ्याच्या अखेरीस नदी फुगते आणि नव्या सुखोथाईचे लोक वाळूच्या गोण्या रचतात. २०११ च्या महापुरात हे गाव बुडाले. २०२४ मध्येही बांध फुटून पाणी घरांत शिरले. म्हणून काटकसरी प्रवाशाने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोल्या स्वस्त आहेत असे पाहून भुलू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. हवा कोरडी, सकाळी किंचित गारवा. साध्या खोल्या पंख्याच्या आणि वातानुकूलित अशा दोन भावांत मिळतात. या दिवसांत पंख्यावर निभते आणि पैसे वाचतात.

नोव्हेंबरमध्ये मात्र एक पौर्णिमा सांभाळावी लागते. थाई पंचांगातल्या बाराव्या महिन्याची ही पौर्णिमा बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच येते. त्या रात्री केळीच्या सोपटाच्या द्रोणात दिवा, फुले, उदबत्ती ठेवून तो पाण्यात सोडतात. हाच 'लोय क्राथोंग'. ज्याने लहानपणी त्रिपुरीला नदीत दिवे सोडले आहेत त्याला हे नवे सांगायला नको. हा सण सुखोथाईच्या दरबारात नांग नोपफामात नावाच्या विदुषीने सुरू केला अशी कथा तिथे सर्वत्र ऐकू येते. ती सुरेख आहे, पण तिचा आधार असलेला ग्रंथ एकोणिसाव्या शतकातला, बँकॉक काळातला आहे, असे अभ्यासकांचे मत आहे. जुन्या शहरातला आजचा दिमाखदार दीपोत्सव तर १९७७ पासूनचा. त्या आठवड्यात खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात आणि भाडेही चढते. आम्ही तो मोह टाळला. गर्दी आणि ताईचे गुडघे यांचे जमत नाही.

या गावाचा सर्वांत मोठा वाद मात्र एका दगडाचा आहे. १८३३ मध्ये राजपुत्र मोंगकुट, जे तेव्हा भिक्षू होते आणि पुढे राजे झाले, इथे आले. राजवाड्याच्या उंचवट्यावर त्यांना चारही बाजूंनी कोरलेला एक शिलास्तंभ सापडला. त्यावर १२९२ हे वर्ष निघते. रामखमहेंगचे राज्य कसे होते ते त्यात सांगितले आहे. व्यापाऱ्यांवर जकात नाही, मेलेल्याची मालमत्ता त्याच्या मुलांकडे जाते, राजवाड्याच्या दाराशी घंटा टांगली आहे आणि गाऱ्हाणे असेल त्याने ती वाजवावी. (आपल्याला जहांगीर बादशहाची न्यायाची साखळी आठवते.) राजाने १२८३ मध्ये थाई लिपी घडवली, असेही त्यात म्हटले आहे. शाळकरी थाई मुलाला हा लेख माहीत नाही असे होत नाही. २००३ मध्ये युनेस्कोने त्याला जगाच्या स्मृतिपटावर नोंदवले.

आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस मायकेल विकरी आणि पिरिया क्रायरुक्श या दोन अभ्यासकांनी म्हटले, की हा लेख तेराव्या शतकातला नसून एकोणिसाव्या शतकात तयार केलेला असावा! एक कारण लिपीचे. थाई लिपीचे मूळही आपल्यासारखेच ब्राह्मीत, दक्षिण भारतातील पल्लव लिपीतून आणि ख्मेरमधून ती तिकडे गेली. त्यामुळे वेलांट्या, उकार, मात्रा अक्षराच्या वर-खाली बसतात. या एका लेखात मात्र सगळे स्वर व्यंजनांच्या ओळीतच मांडले आहेत. हे असे का, हा प्रश्न खराच आहे. देशभर खळबळ माजली. दगडाच्या पृष्ठभागाची प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि त्याची झीज त्या काळच्या इतर लेखांसारखीच असल्याचे सांगितले गेले. आज बहुसंख्य अभ्यासक लेख अस्सल मानतात. माझाही कल तिकडेच आहे. एखाद्या विद्वान राजपुत्राला खोटा लेख करायचाच असता, तर नंतरच्या पंडितांना अडखळायला लावणारे इतके शब्द आणि खाचाखोचा त्याने त्यात कशाला घातल्या असत्या? मूळ स्तंभ बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तेव्हा जाताना एक दिवस बँकॉकमध्ये त्यासाठी ठेवावा. आधी दगड, मग गाव.

मुक्कामाकडे वळू. सुखोथाईला रेल्वे नाही. बँकॉकहून फिट्सनुलोकपर्यंत रेल्वेने जायचे आणि तिथून साठेक किलोमीटर बसने. बँकॉकच्या उत्तरेच्या बसस्थानकावरून थेट बसही आहे, सहा-सात तासांची. विमानतळ आहे, पण तो एका खासगी विमान कंपनीचा आणि भाडे आमच्या हिशेबाबाहेरचे. नव्या गावात खोली घेतली तर जेवण, बाजार, बस सारे जवळ. मात्र रोज जुन्या शहरात जाण्यासाठी सोंगथाव, म्हणजे मागे दोन बाकडी टाकलेला टेम्पो, पकडायचा आणि संध्याकाळी तो विरळ होण्यापूर्वी परतायचे. जुन्या शहराच्या पूर्व दरवाजाबाहेर साधी अतिथिगृहे आहेत. तिथून अवशेष सायकलने पाच-दहा मिनिटांवर. मी दोन रात्री जुन्या शहरात आणि शेवटची एक नव्यात, अशी वाटणी केली. खोली ठरवताना दोनच गोष्टी पक्क्या करून घेतल्या, तळमजला आणि कमोड. स्वस्त खोल्या बऱ्याचदा माडीवर असतात.

जुन्या गावात राहण्याचा खरा फायदा सकाळी सहाला कळतो. पर्यटकांच्या बसगाड्या अजून आलेल्या नसतात. ताईसाठी विजेवरची छोटी गाडी भाड्याने घेतली, मी सायकलवर. वाट महाथातचा कमळकळीच्या आकाराचा शिखरस्तूप ही सुखोथाईची स्वतःची शैली. चालत्या पावलांचा बुद्ध हीदेखील इथलीच खास देणगी. एक टाच किंचित उचललेली, हात लवचीक, अंगावरचे वस्त्र जणू पाण्याने चिकटलेले. तटाबाहेर वाट सी चुममध्ये, चार भिंतींच्या आत कोंडल्यासारखी, पंधरा मीटर उंच बैठी मूर्ती आहे. दाराच्या उभ्या फटीतून आधी तिचा चेहरा दिसतो. तिथल्या भिंतीतल्या चिंचोळ्या जिन्याच्या छताला जातककथा कोरलेल्या शिळा आहेत. जिना बंद असतो, पण अजिंठ्याच्या भिंतींवर ज्या जातककथा रंगवल्या आहेत त्याच कथासंग्रहातल्या या, एवढे मनात असले तरी तिथे उभे राहणे निराळे होते. वाट सी सवाई हे तीन ख्मेर धाटणीच्या शिखरांचे देऊळ मूळचे हिंदू. आणि बौद्ध धर्मराजा लिथाईने १३४९ मध्ये आंबराईजवळच्या देवालयात शिव आणि विष्णूच्या मूर्ती बसवल्याचा शिलालेख आहे. त्रिभूमीवर ग्रंथ रचणारा हा राजा ब्राह्मणांनाही धरून होता.

दुसऱ्या दिवशी ताईने विचारले, "अरे, ही सगळी देवळंच. माणसं कुठं राहत होती?" फार चांगला प्रश्न. माणसांची घरे, एवढेच काय, राजाचा वाडासुद्धा लाकडाचा. ते सारे कुजून गेले. वीट आणि जांभा फक्त देवासाठी. पण प्रश्नाचे दुसरे उत्तरही आहे. अगदी अलीकडेपर्यंत तटाच्या आत माणसे राहत होती. घरे, झाडे, भातखाचरे होती. ऐतिहासिक उद्यानाचे काम १९७०च्या दशकात हाती घेतले, उद्यान १९८८ मध्ये खुले झाले आणि १९९१ मध्ये सी सच्चनालाई व कम्फेंग फेट यांच्यासह ते जागतिक वारशात गेले. या खटपटीत आतल्या कुटुंबांना बाहेर हलवले. म्हणून आत आज हिरवळ इतकी नीटनेटकी आहे की कधी कधी बागेत फिरल्यासारखे वाटते. मला ते तितकेसे रुचले नाही. अवशेष वाचले हे खरे, पण गाव बाहेर पडले. पूर्व दरवाजाबाहेरच्या वस्तीत अतिथिगृह, सायकलचे दुकान, नूडल्सचा गाडा चालतो. आपण जुन्या शहराजवळ राहतो तेव्हा भाड्याचे पैसे निदान तटाच्या सावलीतल्या कुणाच्या तरी हाती पडतात, हा माझ्या हिशेबातला एक मुद्दा होता.

शाकाहाऱ्यांसाठी एक शब्द सांगतो. 'मांगसविरात'. म्हणजे मांसविरती! वहीत थाई लिपीत लिहून घ्यावा. नुसते एवढे सांगून माशांचा रस चुकत नाही, तो वेगळा सांगावा लागतो. सुखोथाईच्या प्रसिद्ध नूडल्समध्ये भाजलेले शेंगदाणे, लिंबू, गूळ आणि चवळीच्या शेंगांचे तुकडे असतात. ताई म्हणाली, "आपल्याकडची आमटीच की रे, नुसता तांदळाच्या शेवयांवर ओतलेली." त्यांत डुकराचे मांस असते ते वगळून मागावे. नव्या गावात रात्री योमच्या पुलाजवळच्या बाजारात एका बाईने आमच्या वहीतला शब्द वाचून कढईच वेगळी घेतली. शेवटची रात्र आम्ही तिथेच काढली, कारण फिट्सनुलोकला जाणारी सकाळची बस नव्या गावाच्या स्थानकावरून सुटते आणि ते स्थानक गावाबाहेर तीनेक किलोमीटरवर आहे. तिथवर नेणारी गाडी आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवावी.